मिसळणाचा डबा, अकरा वेळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या माणसांबद्दल एक लेख आलाय. त्याच्या शेवटी एक चौकट आहे आणि चौकटीत लिहिलंय की चित्रकला, बागकाम असा काहीतरी छंद लावून घ्या, मन रमेल, दुःखाचा विसर पडेल. लेख चांगला आहे, लिहिणाऱ्या बाईंच्या हेतूबद्दल काही म्हणायचं नाही. पण मी त्या चौकटीतलाच माणूस आहे हो. दोन वर्षांहून जास्त झाली चित्रं काढतोय आणि विसर पडायचं राहिलं बाजूला, जे विसरलो होतो ते पण आठवायला लागलंय. म्हणून हे पत्र. लांबलंय, जागा नसेल तर कापा, फक्त डब्याचं कापू नका.

आधी माझं सांगतो. वय ६८, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, व्हॉल्व्ह आणि फ्लँजची ड्रॉइंगं काढण्यात जन्म गेला. टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रॉटरिंगची पेनं, ट्रेसिंग पेपर, चुकलं की अर्ध्या ब्लेडने शाई खरवडायची आणि मग अमोनियाच्या वासात नाक धरून प्रिंटा काढायच्या. पुढे ऑटोकॅड आलं, तेही शिकलो. पण चित्र म्हणून जे म्हणतात ते कधी काढलं नाही. आपण बडोदेकर सांगतो मोठ्या तोऱ्यात, आमच्याकडे १९५० पासून फाईन आर्ट्सची फॅकल्टी आहे, चित्रकार बेंद्रे सर इथे शिकवायला होते, रविवर्म्याची चित्रं आमच्या महाराजांकडे आहेत. पाहुणे आले की त्यांना फत्तेसिंह म्युझियमला न्यायचं, ती चित्रं दाखवायची आणि येताना सेव-उसळ खाऊन घरी. ब्रश हातात कोण घेतंय. मी पण नव्हता घेतला.

ही, म्हणजे माझी बायको, फेब्रुवारी २०२३ मध्ये गेली. पॅन्क्रियाजचा कॅन्सर, कळल्यापासून चार महिने. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

अस्थी चांदोदला नेल्या, आपल्याकडचे बरेच जण तिथेच नेतात, नर्मदेला ओरसंग मिळते आणि तिसरी सरस्वती गुप्त आहे म्हणतात. नावेत गुरुजी मंत्र म्हणतायत, मुलगी रडतेय, जावई तिला धरून बसलेत आणि मी काय बघतोय तर राख पाण्यावर पसरली तिचा रंग. करडा नव्हता, जरा जांभळट होता, आणि खालून पाण्याचा शेवाळी हिरवा वर येत होता. दोन्ही एकमेकांत जाईपर्यंत मी बघत राहिलो. नंतर अशी लाज वाटली म्हणून सांगू, बायकोची राख सोडताना माणूस रंग बघतो का? कोणाला बोललो नाही. बेसणं झालं (इतकी वर्षं इथे राहून आपण तेरावं पण करतो आणि बेसणं, म्हणजे गुजराती पद्धतीची शोकसभा, पण ठेवतो), फोटोला हार, पांढऱ्या कपड्यांतली माणसं येऊन हात जोडून गेली, शेजारच्या मासी हात धरून म्हणाल्या, "रडी लो भाई, रडी लो." रडायला येईना. मी खुर्च्या मोजत होतो, मांडववाल्याचा हिशोब द्यायचा होता ना.

आता डबा. मे महिन्यात मुलगी आणि नात राहायला आल्या. मुलीने स्वयंपाकघर आवरायला काढलं आणि मिसळणाचा डबा घासायला घेतला. ही गेल्यापासून तो कोणी उघडलाच नव्हता, मी बाहेरून जेवणाचा डबा लावला होता. शेवटचे तीन आठवडे सोडले तर ही स्वतःच स्वयंपाक करायची, दुसऱ्या कोणाला ओट्याशी उभं राहू द्यायची नाही, त्यामुळे त्या डब्यातली हळद, तिखट सगळं जसं तिने ठेवलं तसंच होतं. मुलीच्या हातात डबा बघितला आणि मी ओरडलो. पोरीवर जन्मात कधी आवाज चढवला नव्हता. ती डबा तिथेच ठेवून आत निघून गेली, मी तो उचलून माझ्या टेबलावर आणला आणि त्याचं करायचं काय ते कळेना, म्हणून ड्रॉइंग काढलं. सवय. कंपासने एक मोठं वर्तुळ, आत सात छोटी. आमच्या लाईनीतली गंमत सांगतो, एक वर्तुळ मधे ठेवलं तर त्याच्याच मापाची बरोब्बर सहा भोवती बसतात, पाच नाही सात नाही, म्हणूनच डब्यात वाट्या सात. डायमेन्शनसुद्धा टाकली मिलिमीटरमध्ये. मग नातीची कॅमलची बारा रंगांची पेटी पडली होती त्यातला पिवळा घेतला आणि हळदीच्या वाटीत भरला. ड्रॉइंगचा कागद वॉटर कलरचा नसतो, फुगून पापड झाला, पिवळा शेजारच्या तिखटात पळाला. पण घड्याळ बघितलं तर रात्रीचे दीड वाजले होते आणि जेवायचं राहिलं होतं. म्हणजे मन रमलं, असं ती चौकट म्हणेल. थांबा.

माझ्या वरच्या मजल्यावर फाईन आर्ट्सची एक मुलगी भाड्याने राहते, कोल्हापूरकडची. तिने तो पापड बघितला आणि हसली नाही, हे पहिलं. रावपुऱ्यात जाऊन ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागद आणा म्हणाली, सहा नंबरचा एक गोल ब्रश आणि एक बारीक, बाकी रंग आहेत तेच चालतील. त्या दिवशी कागद घेऊन परत येताना चिमणाबाई टॉवरखाली रिक्षासाठी थांबलो होतो. जन्मभर त्याला रावपुरा टॉवरच म्हणत आलो, कोणाची आठवण म्हणून बांधलाय हे शाळेत पाठ केलेलं पार विसरलो होतो. पहिल्या महाराणी चिमणाबाई, १८८५ मध्ये क्षयाने गेल्या, तेव्हा सयाजीराव महाराज विशी नुकती ओलांडलेले. टॉवर १८९६ चा. म्हणजे अकरा वर्षांनीसुद्धा माणूस त्यातच होता म्हणायचा. महाराजांना घड्याळाचा टॉवर बांधता आला, मी कागद घेतले दहा.

वॉटर कलरचं एक आहे, आमच्या धंद्याच्या अगदी उलट. इथे ब्लेड चालत नाही, एकदा पडलं ते पडलं. फिक्याकडून गडदाकडे जायचं, आणि पांढरा रंग वापरायचाच नाही, पांढरं पाहिजे तिथे कागद कोरा सोडायचा. मी स्टीलची चकाकी काढायला निळा, काळा, करडा सगळं लावून बघितलं, डबा ॲल्युमिनियमचा दिसायला लागला. वरची मुलगी म्हणाली, काका, चकाकी रंगवू नका, आधी ठरवा ती कुठे आहे आणि तिथे हात लावू नका. हे ऐकायला सोपं आहे. करायला बसा म्हणजे कळेल.

चौथ्या चित्राला जे झालं त्यासाठी हे सगळं लिहितोय. हळदीत, तिखटात, धन्याच्या पावडरीत चमच्याने घेतल्याचे खड्डे असतात, त्यात सावली टाकायची होती. मी टाकली. वरच्या मुलीने बघितलं आणि म्हणाली, "काका, ही सावली उलटी पडलीये. आठवून काढू नका, बघून काढा." मला राग आला, आयुष्यभर सेक्शन म्हणजे छेद काढलेत मी आणि ही मला सावली शिकवणार. तरी बसलो बघत. आणि खरंच, खड्ड्याचा उतार डावीकडून होता आणि कडा उजवीकडे, वाळूत फावडं मारल्यावर होतं तसं. तिन्ही वाट्यांत तसंच. आता वाटेल गोल डबा आहे, फिरला असेल. नाही फिरत. २०१९ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं तेव्हा घाईत माळ्यावर चढवताना माझ्याच हातून पडून त्याला पोचा आलाय, आणि तेव्हापासून ही तो पोचा भिंतीकडे करूनच डबा ठेवायची, दिसू नये म्हणून. म्हणजे चमचा दर वेळी डावीकडूनच शिरला होता.

ही डावखुरी होती. लहानपणी हातावर पट्ट्या मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला, जेवायला, वाढायला लावलं होतं, चारचौघांत ती उजवीच होती. लग्न झाल्यावर पहिल्या महिन्यात कधीतरी तिने मला हे सांगितलं होतं, मी अच्छा म्हणलं असेन आणि सोडून दिलं असेन. ३८ वर्षं ओट्यापाशी एकटी असताना ती डाव्या हाताने स्वयंपाक करत होती आणि मी पेपर वाचत होतो बाहेर. तेव्हा रडलो. चित्रावर पाणी पडलं आणि तिखटाच्या वाटीशी एक डाग आहे अजून.

आता याला मन रमणं म्हणायचं का ते तुम्ही सांगा. मला तर वाटतं गेलेल्या माणसाकडे नीट बघायला एवढा वेळ आणि एवढी शांतता मला दुसऱ्या कशात मिळाली नसती. फोटो बघून होत नाही हे, फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत असते.

पुढे मी चांदोदचं वरच्या मुलीला सांगितलं, राखेच्या रंगाचं, कोणाला तरी सांगायचंच होतं. ती म्हणाली, काका, मोनेचं पण असंच झालं होतं. क्लोद मोने, फ्रान्सचा. त्याची बायको कामीय १८७९ मध्ये गेली, ३२ वर्षांची, आणि त्याने ती गेल्यावर तिथेच तिचं चित्र काढलं. म्हातारपणी त्याने क्लेमान्सोला, म्हणजे जे तिकडचे पंतप्रधान होते त्यांना, सांगितलं की मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि माझ्या लक्षात आलं की माझे डोळे आपोआप रंग टिपतायत, निळा, पिवळा, करडा. तो चित्रकारच होता म्हणा, मी व्हॉल्व्हवाला. पण इतके महिने छातीवर जो दगड होता तो जरा सरकला.

लोक काय म्हणतात ते पण लिहितो, नाहीतर पुरवणीतल्या बाईंना वाटेल मी त्यांच्याच मागे लागलोय. एका हॉबी क्लासला मुलीने नाव घातलं होतं माझं. तिथल्या मॅडमनी डब्याचं चित्र बघून सांगितलं की अंकल, इतके डल कलर नका वापरू, निगेटिव्हिटी येते, सनफ्लावर काढू या. दोन सूर्यफुलं काढली, फी वाया जाऊ नये म्हणून, आणि जायचं बंद केलं. पुतण्या म्हणाला इन्स्टावर टाका, पेज काढून देतो, विकली जातील. काय विकू, हळद? सोसायटीच्या ग्रुपवर कोणी ना कोणी दुःखाच्या पाच पायऱ्या फॉरवर्ड करतंच, आधी नकार मग राग वगैरे, जणू जिनाच आहे आणि आपण तिसऱ्या मजल्यावर थांबलोय. त्या पाच पायऱ्या १९६९ च्या कुब्लर-रॉस बाईंच्या पुस्तकातल्या, आणि ते पुस्तक मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांवर लिहिलेलं, मागे राहिलेल्यांवर नाही. फॉरवर्ड करणाऱ्याला हे कोण सांगणार.

मुलीने (माझ्या) एक अमेरिकेतला अभ्यास पाठवला, २०१६ चा. ३९ जणांना ४५ मिनिटं चित्र, माती, कोलाज असं काहीही करायला दिलं आणि तीन चतुर्थांश लोकांचं कॉर्टिसॉल म्हणजे टेन्शनचं हार्मोन खाली आलं, चित्र येणाऱ्यांचं आणि न येणाऱ्यांचं सारखंच. छान आहे. पण माणसं अठरा ते एकोणसाठ वयाची धडधाकट होती, त्यात मी वयानेच बसत नाही, आणि ४५ मिनिटांनंतर घरी गेल्यावर त्यांच्याकडे कोण होतं ते काही दिलेलं नाही. आणि हे पण प्रामाणिकपणे सांगतो की रंगांनी मला झोप आणली नाही. सहा-सात महिने रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा, वजन अकरा किलो उतरलं, शेवटी मुलगी सायकियाट्रिस्टकडे घेऊन गेली, काही महिने गोळ्या घेतल्या, त्यांनी झोप आली. ज्याला जेवण जात नाही, उठावंसं वाटत नाही त्याला ब्रश देऊन बसवू नका हो, डॉक्टरकडे न्या. सरकारची मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे. चौकटीत हा नंबर टाकला असतात तर बरं झालं असतं.

दुसरी तक्रार घरातूनच. "बाबा, किती वेळा तोच डबा?" अकरा झालेत आत्तापर्यंत. सहाव्यानंतर धन्याच्या पावडरीत किडे झाले, ती वाटी रिकामी करावी लागली, त्यामुळे पहिल्या सहा चित्रांत सात वाट्या भरलेल्या आणि पुढच्या पाचांत एक रिकामी. हळदीचा रंग पण उतरलाय, पहिल्याला नुसता पिवळा चालला होता, आता त्यात जरासा ब्राऊन घालावा लागतो. वरची मुलगी म्हणते मुंक म्हणून नॉर्वेचा चित्रकार होता, त्याची पंधरा वर्षांची बहीण १८७७ मध्ये क्षयाने गेली, तो स्वतः तेरा वर्षांचा, आणि पुढे त्याने आजारी मुलीचं तेच चित्र चाळीस वर्षांत सहा वेळा रंगवलं. मी माझ्या मुलीला सांगितलं, बघ, मी पाचने पुढे आहे. ती हसली, बऱ्याच दिवसांनी.

कीर्ती मंदिर बघितलंय का तुम्ही? बडोद्याच्या वाचकांना विचारतोय. गायकवाड घराण्यातल्या गेलेल्यांची आठवण म्हणून बांधलेली वास्तू, विश्वामित्रीच्या अलीकडे, आणि आत नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ मध्ये भिंती रंगवल्यात. एका भिंतीवर गंगावतरण, एकीवर मीराबाई, एकीवर महाभारतातलं युद्ध, अभिमन्यूचं. मी लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेव्हा वाटलं होतं देवाधर्माची चित्रं आहेत. आता चांदोदहून आल्यावर डोक्यात बसलं की गंगा खाली आणली कोणासाठी, तर सगराच्या साठ हजार पोरांच्या राखेसाठी. मेलेल्यांच्या घरात कोणतं चित्र काढायचं हे नंदबाबूंना बरोब्बर ठाऊक होतं. सनफ्लावर नाही काढली.

आता मागणं. आपल्या बडोद्यात मराठी मंडळं आहेत, ज्येष्ठांचे कट्टे आहेत, हॉल आहेत आणि दुपारी ते रिकामेच असतात. एखाद्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन तास टेबलं, पाणी आणि कागद ठेवा, बस. स्पर्धा नको, विषय देऊ नका, वार्षिक प्रदर्शन तर मुळीच नको, आणि कोणी काढता काढता रडलं तर चहा आणायला पळू नका. मी दोन ठिकाणी विचारून बघितलं, एका ठिकाणी म्हणाले उद्घाटनाला कोणाला बोलवायचं ते ठरवू आधी. म्हणून मग माझ्याच पुढच्या खोलीत चालू केलं, शनिवारी चार ते सहा. पाच जण येतात. एक रिटायर्ड रेल्वेवाले आहेत ते आईची नऊवारी काढतायत, एक महिना नुसता काठच चाललाय. एक गुजराती बेन येतात, त्या आल्या आल्या डब्याला हात लावायला गेल्या, मी अडवलं.

एक बाई आहेत, शाळेत शिकवायच्या, मुलगा गेलाय, एकोणीस वर्षांचा. सहा शनिवार आल्या आणि कागदावर काही काढलं नाही, ब्रश पाण्यात घालून फिरवत बसतात, मग सगळ्यांचे ब्रश धुऊन ठेवतात आणि जातात. मी पण काही म्हणालो नाही. गेल्या शनिवारी निघताना दारात थांबल्या आणि विचारलं की पुढच्या वेळी त्याची सायकल आणली तर चालेल का, बघून काढायचं म्हणताय ना तुम्ही, पण तुमच्या बोळातून येईल का आत?

त्या गेल्यावर टेप घेऊन बोळ मोजला. जिथे मीटरची पेटी पुढे आलीये तिथे फक्त १ फूट ११ इंच आहे. हँडल वळवून, जरा तिरकी धरली तर येईल, मी पुढचं चाक धरीन.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
दांडिया बाजार, वडोदरा

(नाव छापू नये ही विनंती. मुलीला न सांगता पाठवतोय, तिच्यावर ओरडलो होतो ते तिला पेपरात वाचायला मिळेल, पण ते असू दे.)